मंजुरी भाऊंकडे बाकी

कारंज्याच्या आमच्या डाळ मिलमध्ये दर्जा विभाग म्हणजे आम्ही दोघंच, भाऊ आणि मी. भाऊ माझ्या काकांच्या वयाचे. पूर्वी कामाच्या पद्धती फायलींत असायच्या, आणि ज्याची फाइल त्याचा कायदा! म्हणून आम्ही विकी सुरू केलं. संगणकावरची सामाईक पानं, मिलमधल्या सगळ्यांनी तीच वाचायची. नियम एकच होता: एकाने लिहायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, त्याशिवाय पान बदलत नसे.

मंजुरी देताना भाऊ फार छळायचे. "कायले एवढं लांबवून राह्यली वं? मॅग्नेट पुसा म्हन, लोखंड डाळीत जायले नको. झालं!" मी चिडायचे, आणि शेवटी त्यांचंच वाक्य ठेवायचे.

थंडीत एका सकाळी चहा पिता पिता भाऊ गेले. तेरावं झालं आणि मालक म्हणाले, "दर्जाचं ऑडिट जवळ आलं. पानायवर जबाबदार म्हनून त्यायचं नाव हाय, तिथं तुमचं टाका."

मी पहिल्या पानावर त्यांचं नाव काढून माझं लिहिलं. खाली अक्षरं उमटली, 'मंजुरी बाकी', आणि पुढे भाऊंचं नाव. त्यांचं नाव काढायलाही त्यांचीच मंजुरी लागत होती.

"त्यायचा पासवर्ड साऱ्यायले मालूम हाय," मालक म्हणाले. "त्यायच्याच खात्यातून करून टाका ना मंजूर."

माझं डोकंच फिरलं. "गेलेल्या मानसाच्या नावानं मी मंजुरी देनार नाही, शेटजी. अकोल्याच्या संगणकवाल्याले बलवा, दुसरा मंजूर करनारा नेमा."

संगणकवाला लग्नाला गावी गेला होता. मालकांनीही मग विषय सोडला. वाईट त्यांनाही वाटतच होतं.

ऑडिटच्या दिवशी पानं तशीच होती. पुण्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "यांना जरा बोलवा."

कोणी जागचं हललं नाही. शेवटी मीच सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, वाईट झालं म्हणाले. पण नियम तो नियम. त्रुटींच्या कागदावर एक ओळ लिहून त्यांनी तो सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

'जबाबदार व्यक्ती उपलब्ध नाही.'

भाऊंच्या घरी मला रडू आलं नव्हतं, तेराव्यालाही नाही. तिथे, सगळ्यांसमोर, मी ढसाढसा रडले. मग सही केली.