खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कापलेलं हेलिकॉप्टर

माझ्या बाबांचे डोळे गेले. गिरणीचा संप मोडला त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, साकीनाक्याच्या एका भंगाराच्या यार्डात. सगळे म्हणतात अपघात झाला. मी म्हणत नाही.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणीचं फाटक पुन्हा उघडलंच नाही, तेव्हा यार्डात गॅस कटर चालवायला लागले. मी कॉलेजातून परस्पर त्यांचा डबा घेऊन जायची. त्या पावसाळ्यानंतर तिथे ट्रेलरवरून दोन हेलिकॉप्टर आली. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर माणसं पोचवून म्हातारी झालेली. जुहूच्या धावपट्टीच्या कडेला बरीच वर्षं नुसती उभी होती म्हणे, चाकं मातीत रुतलेली, काचांवर शेवाळ. मग कुणीतरी वजनावर विकून टाकली.

पंखे काढलेलं हेलिकॉप्टर ताज्या माशासारखं दिसतं. अंग निपचित, पण डोळे अजून उघडे. बाबा जेवायचे तेवढा वेळ मी आत चढून बसायची. काचेवरच्या शेवाळातून ऊन हिरवं होऊन मांडीवर पडायचं. बाहेरची हातोड्यांची ठोकाठोक पाण्याखालून आल्यासारखी यायची. सहारला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की हेलिकॉप्टरचं सगळं अंग थरथरायचं, खुर्च्यांचे पट्टे आपोआप हलायचे. मी डोळे मिटायची. खाली मढचा किनारा, वाळत घातलेले बोंबील, खाडीत एक होडी, आणि आवाज कसलाच नाही.

"गो, खंय पोचलंस?" बाबा खालून विचारायचे.

"गोराईच्या वर."

"मगे जरा फुडे घे. माका मालवणाक सोड."

"काका, तिकीट काढलंत का?" शेजारचा कटरवाला ओरडायचा. "फुकट्यांना समुद्रात टाकतात हां!"

गिरणीत खंडेनवमीला साच्यांची पूजा व्हायची. घरची माणसंही आत जायची, आईने मला कडेवर नेलेलं मला अंधुक आठवतं. एकदा हळद-कुंकू लागलं की दसरा होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. यार्डातही बाबांनी तो नेम चालू ठेवला होता. यार्डाच्या शेठला ते ठाऊक होतं, म्हणून त्याची घाई. "आज पंख्याखालचा गिअरबॉक्स मोकळा करा, उद्या पाहिजे तेवढी पूजा करा!"

त्या दुपारी मी फाटकात पोचले तेव्हा बाबा वर चढून कापत होते. कटरची ज्योत लागली आणि तो गिअरबॉक्सच पेटला. लोखंड लाल होतं, वितळतं. हे पांढरं जळत होतं. बाबांनी खाली उडी मारली. बाकीचे मागे हटले, बाबा मात्र बादलीकडे धावले. गिरणीत कापूस पेटला की हुकमाची वाट बघायची नाही, आधी बादली, मग बोंब. हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी अगदी जवळ जाऊन पाणी मारलं. आग फुटली, थेट त्यांच्या डोळ्यांवर.

नववीत बाईंनी चिमट्यात धरून एक चंदेरी फीत जाळून दाखवली होती. "सरळ बघू नका गं," म्हणाल्या होत्या. तेच हे, मॅग्नेशियम. हेलिकॉप्टर हलकं व्हावं म्हणून त्याच्या काही भागांत घालतात. पेटलं तर सुकी वाळू टाकायची, पाणी कधीच नाही. बनवणाऱ्याला माहीत, उडवणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत. कापणाऱ्याला सांगायला मात्र एकाचंही तोंड उघडलं नाही.

शेठ म्हणाला, "पाणी मारा असं मी सांगितलं होतं काय?"

ज्यांनी विकलं त्यांच्या ऑफिसात मी गेले. साहेब म्हणाला, "हे बघा, आमच्या दृष्टीने ते हेलिकॉप्टर राहिलंच नव्हतं. भंगार होतं."

"आणि माझे बाबा? ते काय होते तुमच्या दृष्टीने?"

त्याने घंटी वाजवून चहा मागवला. एकच.

आता बाबा असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या दारात बसलेले असतात. विमान गेलं की चेहरा वर करतात.

"दुसरा आसा मा अजून?"

"आहे."

"त्येच्यात गवात वाढला आसतला. चिमण्ये ऱ्हवत आसतले." मग हळूच सांगतात, "सपनात माका सगळा दिसता गो. काल तां पंख्याशिवायच वर गेला. सावकाश. कापूस उडता तसा."

मला चीड येते. ज्याने डोळे नेले त्याची कसली स्वप्नं बघता, असं तोंडावर येतं. तरी मी ऐकत बसते, कारण ते सांगताना हसतात.

ते दुसरं हेलिकॉप्टर खरंच उभं आहे, गवतात कमरेपर्यंत. यंदा नवमीच्या आदल्या दिवशी ते कापणार. शेठने कामावर नवीन दोघे ठेवलेत. मी त्यांना मॅग्नेशियमचं सांगितलं, तर हसले. "ताई, कटरपुढे सगळं सारखंच." त्यांच्या बाजूला बादली होती, पाण्याने काठोकाठ भरलेली.

हे वाचून हळहळू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही. त्या दिवशी सकाळी यार्डाच्या फाटकाशी या. येताना पिशवीभर सुकी वाळू आणा. कुठल्या भागात कुठला धातू आहे ते त्या हेलिकॉप्टरच्या अंगावर खडूने लिहून द्यायला शेठला लावा. लिहून होईपर्यंत कटर पेटू देऊ नका.