बाबांना कोणी सांगितलं

दर्यापूरच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात दीक्षा तायडे सहा वर्षांपासून काम करते. उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, पोरांचे परीक्षा अर्ज, सगळं तिच्या हातून जातं. वय सत्तावीस. बोलणं थोडं, पण समोरच्यानं फॉर्मवर नावाची वेलांटी चुकवली तर ती फॉर्म पुढे सरकू देत नाही. गावातले लोक तिच्या या सवयीला वैतागतात आणि परत तिच्याकडेच येतात.

मागच्या हिवाळ्यात एक पुण्याची बाई पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आली. शंभरेक पानांच्या सहा प्रती काढायच्या होत्या. मशीनमधून पानं बाहेर पडू लागली तशी दीक्षा ती वाचू लागली. पिच्चरची पटकथा होती ती. एका खेड्यातल्या दोन बहिणी, मोठी प्रेमात पडते, धाकटीला कळतं, अशी गोष्ट. चाळिसाव्या पानापर्यंत ती गप्प होती. मग तिच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, असं आमच्या इकडं कोणी बोलत नाई."

ती बाई म्हणजे प्राजक्ता, पिच्चरची दिग्दर्शक. ती रागावली नाही. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, मग कसं बोलतात? दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत दोघी बसल्या. दुसऱ्या दिवशी दीक्षाला नवीन काम मिळालं: दोन्ही बहिणींची कामं करणाऱ्या मुलींना वऱ्हाडी शिकवायचं. दुकानदारानं महिनाभर अर्धा दिवस सूट दिली.

त्या मुली हुशार होत्या, पण टीव्हीवर ऐकलेलं वऱ्हाडी बोलत होत्या. प्रत्येक वाक्य हसवण्यासाठी असल्यासारखं. दीक्षानं त्यांना थांबवलं. म्हणाली, आमी रडतो बी याच भाषेत, तसं बोला. मग तिनं त्यांना बाजारात नेलं, बसस्टँडवर बसवलं, आपल्या घरी आणून आईशी गप्पा मारायला लावल्या. दहा-बारा दिवसांत धाकटीचं काम करणारी मुलगी 'करून राहिली', 'जाऊन राहिली' इतक्या सहज म्हणू लागली की दीक्षाच्या आईनं तिला गाव कोणतं म्हणून विचारलं.

अडलं ते एका प्रसंगापाशी. त्यात आई आणि धाकटी शेंगा सोलत बसलेल्या असतात आणि बोलता बोलता धाकटीच्या तोंडून मोठीचं गुपित निघून जातं. ती जीभ चावते, पण उशीर झालेला असतो. मुलीनं वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. तिन्ही वेळा दीक्षा नाही म्हणाली. प्राजक्तानं विचारलं, शब्द चुकतोय का? दीक्षा म्हणाली, शब्द बरोबर आहे.

"मंग?"

प्राजक्तालाही आता वऱ्हाडी चिकटलं होतं.

"ते चुकून नाई निघत," दीक्षा म्हणाली. "तिनं सांगतलं असन. मुद्दाम."

प्राजक्तानं बाकीच्यांना चहाला पाठवलं. आणि चौदा वर्षांत जी गोष्ट दीक्षानं कोणालाच सांगितली नव्हती, ती त्या दिवशी शूटिंगसाठी घेतलेल्या एका परक्या घराच्या ओट्यावर तिनं सांगितली.

तायड्यांचं गाव दर्यापूरपासून सहा किलोमीटर. वडील देवमन शाळेत शिपाई. मोठी ज्योत्स्ना बारावीला, दीक्षा आठवीला. ज्योत्स्ना सायकल चालवायची, दीक्षा मागे कॅरिअरवर. जाताना पाढे, येताना गाणी. दीक्षाला त्या दोन वेळांसाठीच शाळा आवडायची. मग त्या वर्षी दिवाळीनंतर नितेश सोबत येऊ लागला. भगवंतरावांचा मुलगा, गावातली मोठी शेती त्यांची. तो आपल्या सायकलवर बाजूनं चालायचा, काही वाईट बोलायचा नाही. एक दिवस ज्योत्स्ना दीक्षाला म्हणाली, तू आजपासून जीपनं जात जाय, बाकीच्या पोरी जातात तशी. दोन आठवडे दीक्षा जीपमध्ये कोंबून गेली. मागच्या काचेतून तिला दोघांच्या सायकली दिसायच्या. तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, बाबा सायकलीत हवा भरत होते तिथे जाऊन तिनं सगळं सांगितलं.

बाबांनी मारलं नाही, आवाजही चढवला नाही. संध्याकाळी ज्योत्स्नाला समोर बसवून एवढंच म्हणाले, "बाई, त्यायचं घर मोठं हाय. उद्या काही झालं तर मी कोणाकोणाले तोंड देऊ?" परीक्षेपर्यंत ते स्वतः तिला कॉलेजात सोडायला जात. परीक्षा झाल्यावर तिला अकोल्याला आत्याकडे पाठवलं. तिथे ती नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, ललितशी तिचं लग्न झालं. सगळं चांगलंच झालं. फक्त तिनं दीक्षाला पुन्हा कधी मनातलं काही सांगितलं नाही. फोनवर भाजी काय केली, बाबांचं बीपी किती, एवढंच. बाबांना कोणी सांगितलं हे तिनं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

प्राजक्तानं हातातली पानं मिटून बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, हे मी पिच्चरमध्ये घेऊ का?

"आधी ताईले सांगू द्या," दीक्षा म्हणाली.

प्रसंग चार दिवसांनी शूट होणार होता. दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं अकोल्याला गेली. ज्योत्स्ना सकाळची ड्युटी करून नुकतीच आली होती, पाय पाटावर ठेवून बसली होती. अचानक आलेली बहीण पाहून तिनं पहिल्यांदा बाबांची तब्येत विचारली. दीक्षानं पाणीही घेतलं नाही. वाटेत बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून ती सरळ म्हणाली, "ताई, नितेशचं बाबाले मी सांगतलं होतं. तुनं मले जीपनं पाठवलं म्हणून."

ज्योत्स्नानं पाय पाटावरून खाली घेतले. मग हळू म्हणाली, "म्हणजे त्यानं नव्हतं सांगतलं."

तेव्हा दीक्षाला पहिल्यांदा कळलं की ताईनं इतकी वर्षं काय धरून ठेवलं होतं. पानठेल्यावर नितेशनं पोरांमध्ये बढाई मारली आणि तिथून बाबांच्या कानावर गेलं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिचा त्यावर विश्वास बसला होता. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी तो तिला भेटायला अकोल्याच्या बसस्टँडवर आला होता. मी कोणालाच काही बोललो नाही, म्हणत होता. ज्योत्स्ना त्याला उत्तर न देता ऑटोत बसून निघून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा आवडलेला माणूसच खोटा निघाला, असं मानून ती जगली होती.

"तू जाय आता," ज्योत्स्ना म्हणाली. "मले बोलता येत नाई तुयाशी."

दीक्षा उठली. परतीच्या बसमध्ये ती रडली नाही, पण दर्यापूर आलं तेव्हा कंडक्टरला तिला उतरा म्हणून सांगावं लागलं. प्राजक्ताला तिनं कळवलं की तो प्रसंग होता तसाच राहू द्या. प्राजक्ता ठीक आहे म्हणाली, आणि तिनं का म्हणून विचारलं नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळी, लाइट लावणं चालू असताना, ज्योत्स्नाचा फोन आला. आवाज घोगरा होता.

"तुया मॅडमले म्हण, घ्या. पण पूर्ण घ्या. मी तुले जीपनं पाठवलं, ते बी घ्या. माही बी चूक होती."

ज्योत्स्नानं ड्युटी आहे म्हणून फोन ठेवला.

संवाद तिथेच नव्यानं लिहिला गेला. दीक्षा सांगत गेली, प्राजक्ता लिहीत गेली. शेंगा गेल्या, आई गेली, अंगणात सायकलीत हवा भरणारा बाप आला. धाकटीचं काम करणाऱ्या मुलीनं पहिल्याच वेळी ते असं म्हटलं की आवाज घेणारा माणूस हेडफोन काढायचं विसरला.

म्हणून लगेच सगळं पूर्ववत झालं असं नाही. पुढचे दोन महिने ज्योत्स्नाचा फोन नव्हता. दीक्षा करायची, ललितभाऊ उचलायचे, ताई झोपली म्हणायचे. आईनं विचारलं, तुमचं काही वाजलं का? दीक्षा नाही म्हणाली, मग तिला वाटलं आता लपवणं बस झालं, आणि तिनं आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "तुया बापानं माह्यापाशी बी कधी तोंडातून काढलं नाई." आणि उठून कणीक मळायला गेली.

उन्हाळ्यात अमरावतीला पिच्चरचा पहिला खेळ ठेवला होता, काम करणाऱ्या सगळ्यांसाठी. दीक्षानं दोन पास ज्योत्स्नाच्या पत्त्यावर पाठवले आणि येईल अशी आशा मात्र धरली नाही. थिएटरात अंधार झाल्यावर कोणीतरी शेजारच्या खुर्चीत येऊन बसलं. ज्योत्स्ना होती, एकटीच. सायकलीत हवा भरायचा प्रसंग आला तेव्हा ती पुढे वाकली. तो संपला तसं तिनं दीक्षाच्या मनगटाला धरलं आणि पुढचा सगळा पिच्चर ते सोडलं नाही.

नंतर बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या असताना ज्योत्स्ना म्हणाली, तुले एक सांगू का?

नितेशचा नंबर तिनं मिळवला होता. परतवाड्याला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे, दोन मुलं आहेत. ललितला सांगूनच तिनं फोन लावला. त्याला म्हणाली, तू खरं बोलत होता, मले आता समजलं. मग तो हसला आणि म्हणाला, "बरं झालं बाप्पा. मले वाटे, माह्यातच काही खोट असन." मग त्यानं बाबांचं विचारलं, तिनं मुलांचं विचारलं, आणि दोघांनी फोन ठेवला. एवढंच.

"हलकं वाटून राहिलं मले," ज्योत्स्ना म्हणाली. मग तिनं ललितबद्दल सांगायला सुरुवात केली, सासूबद्दल सांगितलं, हॉस्पिटलातल्या नव्या सिस्टरबद्दल सांगितलं. रसाचे दोन ग्लास झाले. दर्यापूरची गाडी निघून गेली तरी दीक्षानं ताईचं बोलणं थांबवलं नाही.

दीक्षा अजून त्याच दुकानात आहे. आणखी एका पिच्चरवाल्यानं तिला भाषा शिकवायला बोलावलंय. जायचं की नाही, ते तिनं ताईला विचारलंय. ताई म्हणते, जाय, पण पहिले त्यायचे कागद नीट वाच.