नळगंगेच्या पाण्यावर आम्ही दोघी

नळगंगेचं धरण झालं तेव्हा मी शाळेत होते आणि माझे हात भक्कम होते. शेतातल्या विहिरीचं पाणी शेंदून झालेले. धरणाच्या वसाहतीत ओव्हरसियर साहेबांचं बिऱ्हाड आलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. अमरावतीत वाढलेली, सडपातळ, पण बोलायला कुणाला न भिणारी. पाटबंधारे खात्याची एक लाकडी नाव रविवारी नुसती काठाला बांधलेली असायची. तिनं वडिलांच्या मागे लागून ती मिळवली आणि आम्ही दोघी एकेक वल्हं घेऊन बसलो.

नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. माझ्या जोरापुढे तिचा जोर कमी पडत होता.

"तू जरा हळू ओढ," ती म्हणाली.

"मी काऊन हळू ओढू? तू जोरानं ओढ ना!"

बरेच रविवार हेच भांडण चाललं. शेवटी तोड तिनंच काढली. ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "माझ्या पाठीकडे बघ. ती वाकली की तू वाकायचं. पाण्याकडे बघूच नको." मी तसं केलं. तिनं हात लांबवले, मी थोडे आखडते घेतले आणि नाव सरळ निघाली.

ऑलिंपिकचं वेड तिचंच. पेपरात वाचून तिनं मला सांगितलं की वल्हवायची शर्यतही तिथं असते, दोघांच्या नावेचीसुद्धा.

"बायांची?"

"बायकांची नाही अजून."

"होईन ना कधीतरी. तोवर आपन तयार राहू."

आम्ही हे लपवलं नाही, सगळ्या गावाला सांगत सुटलो. माय म्हणाली, "भाकर गोल येत नाही अन् नाव हाकून राह्यली!" बाबांनी एवढंच विचारलं, "पोहता येते ना तुले?" मी हाव म्हटलं. "मंग जाय," ते म्हणाले.

पुढे दोघी मास्तरणी झालो. ती बुलढाण्यात, मी लग्न होऊन धाड गावाला. नाव सुटली. मला मुलगा झाला. तो दुडूदुडू चालायला लागला होता, तेव्हा एका सकाळी ती एस.टी.तून उतरून तरातरा आमच्या अंगणात आली. मी मिरच्या वाळत घालत होते.

"झालं! पुढच्या ऑलिंपिकला बायकांची शर्यत ठेवली आहे."

माझ्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. कशाची शर्यत, कुठे, किती दूर. मग म्हणाल्या, "पोराले मी पाह्यतो. तू जाय."

बुलढाण्याजवळच्या तलावावर भोई लोकांचा डोंगा मागून आम्ही पुन्हा सुरुवात केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बस पकडायची. तळहात सोलून निघाले, हळद-तेल लावून पुन्हा वल्हं धरलं. पाठीकडे बघायची सवय मात्र गेली नव्हती. महिन्याभरात डोंगा आमचं ऐकायला लागला. त्यापुढचा हिवाळा आम्ही पाण्यावरच काढला.

मैत्रिणीनं पुण्याच्या एका बोट क्लबच्या साहेबांचा पिच्छा पुरवून चाचणी मिळवली. तिथली नाव पाहून मी चकित झाले. शेंगेसारखी अरुंद. बसलो आणि लगेच उलटलो. काठावरची मुलं खदखदून हसली. आम्ही ओले पदर खोचून पुन्हा बसलो, पुन्हा उलटलो. संध्याकाळपर्यंत ती नाव आमच्या अंगवळणी पडली.

दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांपैकीच दोन मुलांची जोडी आमच्या शेजारी उभी केली. सुरुवातीला ती मुलं पुढे गेली. मी पाहिलं नाही, मला फक्त मैत्रिणीची पाठ दिसत होती. मध्यावर तिनं मान न वळवता "आता!" म्हटलं आणि मी माझा राखून ठेवलेला सगळा जोर लावला. खूण ओलांडली तेव्हा मुलं मागे होती.

साहेब खुर्चीतून उठून पाण्यापाशी आले. "बाई, तुम्ही फार छान वल्हवता. पण बायकांचा संघ पाठवायचं कुणी ठरवलेलंच नाही."

"मग आमची चाचणी कशाला घेतलीत?" मैत्रीण कडाडली.

"तुम्ही ऐकेचनात," ते खाली मान घालून म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, नसन पाठवत तर नका पाठवू. पन आम्ही कमी पडलो असं कोनाले सांगू नका."

"नाही सांगणार," ते म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी त्या क्लबात बायकांची शर्यत लागली आणि आम्हाला बोलावणं आलं. ती आम्ही जिंकलो.

पण त्या चाचणीहून परतताना गाडीत मैत्रीण भुसावळपर्यंत रडली. मला रडू आलं नाही. भूक लागली होती, आम्ही ठेचा-भाकरी खाल्ली आणि मलकापूरला उतरलो.

ऑलिंपिकमध्ये बायकांची शर्यत खरोखर झाली, तेव्हा पेपर घेऊन ती माझ्या घरी आली. निकाल दोनदा वाचून तिनं विचारलं, "आपण असतो तर?"

"तिसऱ्या तरी आलो असतो."

"दुसऱ्या," ती म्हणाली, आणि मी चहा टाकायला उठले.