घडियाळी पोळीतल्या डॉक्टरबेन

अक्कलदाढ त्रास द्यायला लागली तेव्हा मी तिशी ओलांडलेली होती. बडोद्यात घरोघरी केबल आली होती, आणि आम्ही नागरवाड्यातली जागा सोडून गोत्रीच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो: मी, माझे यजमान, सासूबाई आणि आमची लहान मुलगी. मी शाळेत शिकवत असे. सुजलेला गाल घेऊन वर्गात बोलणं अशक्य झालं, तेव्हा जवळच्याच एका दंतवैद्यांकडे गेले. दाढ हाडात आडवी रुतली आहे, हिरडी कापून काढावी लागेल, असं ते म्हणाले आणि आधी रक्त तपासून आणायला सांगितलं. मला वाटलं, साखर बघत असतील.

रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. मला आठवतंय तेवढ्यात कधी साधी कावीळही झालेली नव्हती. आपल्याकडे अशा पेशंटची सोय नाही, मोठ्या इस्पितळात जा, असं दंतवैद्यांनी सांगितलं. ते उद्धटपणे बोलले नाहीत. पण मी निघाले तेव्हा त्यांचा कंपाउंडर दार उघडून चांगला हातभर मागे सरकला. ते मागे सरकणं मला दाढेपेक्षा जास्त दुखलं.

यजमान रिफायनरीत होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने घडियाळी पोळ या जुन्या शहरातल्या गल्लीत दातांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरबेनचं नाव सुचवलं. त्या गुजराती, पण आसपासच्या मराठी पेशंटमुळे मराठी छान बोलत. पुन्हा कुणी मागे सरकायला नको म्हणून मी आत गेल्या गेल्या, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"बेसो ने, बेन," त्या म्हणाल्या. मी बसले. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण या खुर्चीत रोज असे कितीतरी बसत असणार, ज्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. म्हणून मी प्रत्येक पेशंट तसाच समजते. हत्यारं सगळ्यांसाठी सारखीच वाफेवर शुद्ध करते. तुमच्यासाठी वेगळं काही करायचं नाहीये."

इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिथे फुटलं. त्यांनी ते फुटू दिलं.

हे मला कुठून लागलं असेल, असं मी विचारलं. जन्मताना आईकडून असेल, लहानपणी कुठल्या तरी न उकळलेल्या सुईतून असेल, आता ते शोधत बसू नका, असं त्यांनी समजावलं. आधी एका फिजिशियनकडून माझं लिव्हर तपासून घेतलं, रक्त नीट गोठतं ना ते पाहिलं. घरातल्या सगळ्यांना तपासून लस द्यायला लावली. कुणाच्याच रक्तात काही निघालं नाही, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

दाढ काढली त्या दिवशी सासूबाई सोबत आल्या होत्या. तोंडात कापसाचा बोळा, मला बोलता येत नव्हतं. माझी ताटवाटी वेगळी ठेवायची का, असं त्यांनी डॉक्टरबेनना हळूच विचारलं. मी डोळे मिटून ऐकत होते.

"नाही, मासी. जेवण्याखाण्यातून हे लागत नाही. ब्रश आणि ब्लेड मात्र प्रत्येकाचं वेगळं. आणि रक्त लागू द्यायचं नाही, एवढंच."

सासूबाईंनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळेना.

टाके निघाले, जखम भरली. एका दुपारी सासूबाईंनी माझ्यासाठी मऊ भात केला. मला सगळा संपला नाही. मी ताट उचलायला गेले, तर त्यांनी ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि उरलेला भात कालवून खाल्ला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने आयुष्यात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, पोटच्या मुलाचंसुद्धा. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय का गं?"

त्यानंतर मी दर वर्षी लिव्हर तपासून घेत आले. आजवर काही बिघडलेलं नाही. दाढ काढली त्या वर्षीच्या दिवाळीला मी डॉक्टरबेनकडे चकल्या पाठवल्या. दातांच्या डॉक्टरला चकल्या पाठवणारी बाई पहिल्यांदाच भेटली, असा त्यांचा फोन आला, आणि आम्ही दोघी खूप हसलो. आभार मानायचे राहूनच गेले. ते बहुधा त्यांना चकल्यांतूनच पोचले असावेत.