सोन्याच्या तारेसाठी झडती

"केस सोड," सर म्हणाले.

मी अंबाडा सोडला. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं केसांत बोटं घालून चाचपलं. आठजण बघत होते. पिशवी आधीच टेबलावर उपडी झाली होती. डब्यातली भाकरीसुद्धा उलगडून झाली होती.

धाराशिवच्या एका कॉलेजात मी सरांच्या हाताखाली पीएचडीचं संशोधन करत होते. केसाएवढ्या काचेच्या तंतूवर सोन्याचा पातळ थर द्यायचा, आतून उजेड सोडायचा. तंतू पाण्यात बुडवला की त्या उजेडातला एक रंग सोनं गिळतं. पाण्यात काही मिसळलं की गिळलेला रंग बदलतो. त्यावरून पाण्यात काय आहे ते कळतं; असा तो सेन्सर. त्या थरासाठी आणलेली नखाएवढी सोन्याची तार सापडत नव्हती.

तार ठेवायच्या कपाटाची किल्ली तिघांकडं होती. झडती माझी एकटीची. तामलवाडीच्या बौद्ध वस्तीतली मीच.

"तुमच्या घरात सोनं कधी आलंय? मोह होतो माणसाला." सरांनी आवाज चढवला न्हाय. समजूत घालावी तसं बोलले.

तिसऱ्या दिवशी तार सरांच्याच टेबलाच्या खणात निघाली.

"मिळाली. चल, लाग कामाला."

मी लागले. याचीच जास्त लाज वाटते.

त्याच तारेचा थर दिला. सेन्सर चालला. पण अंधाऱ्या खोलीत मोजमाप घेताना मानेवर बोटं फिरायची. वळून बघायचे, कुणी नसायचं. अजून फिरतात. आई केसांना तेल लावायला बसली तरी मी दचकते.

मग बाहेरचे तज्ज्ञ सेन्सर बघायला आले. सर हसून म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी. फार गुणी. दाखव गं."

मी तंतू खाली ठेवला.

"सर, आधी यांना सांगा. माझे केस सोडायला लावले. तार तुमच्या खणात होती. ते सांगा, मग दाखवते."

"ही वेळ आहे का?"

"व्हय. हीच."

सर तज्ज्ञांकडं वळून दुसरंच सांगायला लागले. मी बाहेर पडले.

तेव्हापासून माझ्या प्रबंधावरची सरांची सही अडली. मी कॉलेजकडं लेखी तक्रार दिली. मागं घे, म्हणून निरोप येतात. आई म्हणते, "गप ऱ्हायली असतीस तर आज डॉक्टर झाली असतीस."

झाले असते. पण त्या पदवीला चोरीचा वास आला असता.

माफी हवी. लेखी, आणि त्या आठजणांसमोर वाचलेली. तक्रार मागं घेणार न्हाय. आणि त्या सेन्सरवर माझं नाव लागल्याशिवाय कुणाला तो आपला म्हणू देणार न्हाय.