चांद्याच्या डॉक्टरीणबाईची चिठ्ठी

माझी लेक पहिलीतच शाळेला भारी झाली. सहा वर्षांची पोर, हातापायांच्या नुसत्या काड्या, पण गुरुजींच्या मनगटाला अशी चावली की रक्त आलं. त्याआधी एकदा पाटी फेकली होती, एकदा खिडकीतून उडी मारून पळाली होती. गुरुजी घरी आले, म्हणाले, हिच्या डोक्यात काहीतरी आहे. चांद्याच्या डॉक्टरला दाखवा, चिठ्ठी आणा, नाहीतर नाव कमी करतो. मी चौथी शिकलेली. गावात तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. आणि माझ्याच लेकीचं नाव पटावरून जाणार! माझा जीव नुसता जळत होता.

घरच्यांनी आधी अंगारा लावला, लिंबू उतरवलं. काडीचा फरक पडला नाही. मग भाताची कापणी आटोपल्यावर सिंदेवाहीहून छोट्या रेल्वेगाडीत बसून मी तिला चांद्याला नेलं. वाटेत दहादा दटावलं, डॉक्टरला चावलीस तर याद राख. ती खिडकीपाशी गुपचूप बसून होती. घरी ती तशी गुणाचीच, हेच तर मला उमजत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, नागपूरकडच्या. त्यांनी कान पाहिले, डोळे पाहिले, गुडघ्यावर टिचक्या मारल्या, आकडे म्हणायला लावले. तिनं धडाधड पन्नासपर्यंत म्हटले. पोरगी हुशार आहे, बाई म्हणाल्या. मग मला विचारलं, गुरुजींना चावली तेव्हा नेमकं काय चाललं होतं? मी सांगितलं, पळून जाते म्हणून गुरुजींनी तिला आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खांबाला बांधलं होतं.

बाईंचा हात थांबला. "बांधलं?"

मला रागच आला. शहरातल्या बायांना काय कळतं! भाताच्या रोवण्यात, लावणीच्या दिवसांत, आम्ही सगळ्याच जणी लहान पोरं बांधतो. चिखलात वाकलेली बाई पोराकडे कधी पाहणार? ते पाण्यात पडेल, रानात शिरेल. म्हणून शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला बांधायचं. कमरेला फडकं, गाठ पाठीमागे, पोराचा हात पोचू नये अशी. माझ्या मायनं मला बांधलं, मी हिला बांधलं. हे सगळं मी चांगलं ठसक्यात सांगितलं आणि वर म्हटलं, "काही झालं नाई तिले."

बाई माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि विचारलं, गुरुजींनी बांधल्यावर तुला काय वाटलं?

"बांधलं का मंग नेते," ती म्हणाली. "बकरीले नेलं ना."

दोन वर्षांपूर्वी रोवण्यातच आमची बकरी गेली होती. लेकीच्याच झाडाला, तिच्या हातभर अंतरावर बांधलेली होती. धो धो पाऊस, समोरचं दिसत नव्हतं, आणि आम्ही बाया शेताच्या पार त्या टोकाला. येऊन पाहिलं तर दोर तुटलेला. पावसानं बाकी सगळं धुऊन नेलेलं. चोराच्या नावानं मी आठवडाभर बोटं मोडली होती.

"कोणी नेलं?" बाईंनी विचारलं.

लेकीनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावर दाबून धरले.

आमच्याकडे रानात वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो. मोठं जनावर म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. बकरी गेली त्या दिवशी घरी येताना ही पोर माझा पदर ओढून तेच नाव घेत होती. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि दर खेपेला मी तिच्या तोंडावर चापट मारली. चांगलं वळण लावते आहे, असंच मला वाटत होतं. चौथ्यांदा तिनं सांगितलंच नाही.

हे मी बाईंना कसं सांगितलं देव जाणे. मग त्यांनी गुरुजींच्या नावे चिठ्ठी लिहिली: मुलगी शहाणी आहे, दाराजवळ बसवावी, बांधू नये. लेकीचं नाव पटावर राहणार होतं. ज्या कागदासाठी मी इतक्या लांब आले होते, तो समोर टेबलावर होता आणि मला तो उचलवेना.

मी तिच्यापुढे खाली बसले. तिचे हात तोंडावरून काढले आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"वाघ होता का, पोरी?"

तिनं मान डोलावली. रडलीबिडली नाही.

"मी तुले लय आवाज देल्ला, माय," ती म्हणाली. "तुमी गानं म्हनून राह्यल्या होत्या."