बाळूकाकांचं मत

मला पदवीपर्यंत कोणी नेलं असं विचारलं, तर मी बाळूकाकांचं नाव सांगतो. वडिलांचे हे धाकटे भाऊ दुसरीच्या पुढे गेले नाहीत. त्यांची समज लहानपणापासून संथ. पण न कळलेल्या गोष्टीला त्यांनी कधी मान डोलावली नाही. "परत सांग," म्हणायचे. आमच्या निर्मळ गावची मुलं त्यांना 'परतसांगे' म्हणून चिडवायची.

शाळेतून आलो की मी केळीच्या बागेत त्यांच्या मागेमागे फिरायचो. ते सुकलेली पानं कापायचे, मी धडा सांगायचो. ग्रहण कसं लागतं ते त्यांना चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी ते मलाच नीट कळलं. माझी शिकवणी ती एवढीच.

आणि मी पदवीधर झालो त्याच वर्षी मतदार यादीच्या कामाला अंगणवाडीच्या ताई घरी आल्या, तेव्हा मीच म्हणालो, "काकांचं नाव नको. त्यांना समजत नाही."

काका ओट्यावर वाल सोलत होते.

"कोर्टानं तसं ठरवलंय का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग तू कोण ठरवणारा?" त्या काकांकडे वळल्या. मत म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. "परत सांगा," काका म्हणाले. ताईंनी परत सांगितलं.

"द्यायचंय," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुढे प्रचाराला एक कार्यकर्ता आला. दोन महिन्यांत नळाला पाणी, म्हणाला. काकांनी त्याला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी दोनाचे सहा महिने झाले. "आधी दोन म्हणालास," काका म्हणाले. तो घाम पुसत उठला. आई हसली, "भावजी, त्याला पाणी तरी पिऊ द्यायचं."

मतदानाला मी सोबत गेलो. काकांचं बटण आपल्यालाच दाबावं लागणार, असं मी धरून चाललो होतो. काकांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "एकट्यानं गेलं तर चालतं?"

"चालतं की."

"मग तू बाहेर थांब," ते मला म्हणाले. रांगेत कुरकुर सुरू झाली, तरी त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कोणाला दिलं?"

"ते सांगायचं नसतं. ताईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना?"

यंदा नोकरीमुळे मी नांदेडला आहे. मतदानाआधी काकांना पत्र पाठवलं. आईनं ते वाचून दाखवायचं होतं.

"प्रिय काका,
मतदानाला मला रजा मिळत नाही. शाळेपर्यंत आई येईल, आत तू एकटा जा. कोणी घाई केली तर करू दे.
त्या दिवशी ताईंना मी तुला न विचारता उत्तर दिलं. तू काही बोलला नाहीस, म्हणून मीही गप्प राहिलो. चूक माझी होती. मला माफ करशील का?
आई, याचं उत्तर तू मनानं लिहू नकोस. काका सांगेल तेच लिही. नाही म्हणाला, तर नाही लिही.
तुझा,
संदीप"